सोळा खान्यांत हलगी

ग्रूव्हबॉक्स म्हणजे नक्की काय असतंय हे मला ज्यानं त्यानं विचारलंय आणि दरवेळी माणूस बघून मी वेगळं उत्तर दिलंय. ऑर्केस्ट्रातल्या पोरांना म्हणतो, ऑक्टोपॅड, कीबोर्ड आणि रेकॉर्डर एका डब्यात कोंबलाय असं समजा. आईला सांगितलंय की लाइटवर चालणारी पेटी आहे, तिला तेवढं पुरतंय. सगळ्यात सोपं जातंय ते आमच्या वर्कशॉपमधल्या लोकांना सांगायला. दिवसा मी कोल्हापुरात उद्यमनगरात सीएनसी, म्हणजे कॉम्प्युटरच्या प्रोग्रामवर चालणाऱ्या मशीनवर असतो, तिथं मेन प्रोग्राममधनं एम-९८ टाकून सबप्रोग्राम बोलावतात आणि तो संपला की एम-९९ नं परत, तसंच इथं एक पॅटर्न म्हणजे छोटा प्रोग्राम, तो फिरत राहतोय आणि आपण एकामागं एक पॅटर्न लावून गाणं बांधायचं. एवढं सांगितलं की ऑपरेटर लोक मान डोलवतात आणि पुढचा प्रश्न डायरेक्ट किंमतीचा येतोय.

डब्यात कामं तीन चालतात. एक सिंथ, म्हणजे आवाज आतच तयार करणारा भाग, ऑसिलेटरनं कच्चा आवाज काढायचा, फिल्टरनं त्याची धार कमी जास्त करायची आणि एन्व्हलपनं तो कसा उठणार आणि कसा विझणार ते ठरवायचं. दुसरा सॅम्पलर, बाहेरचा कुठलाही आवाज आत घेऊन पॅडवर लावायचा, मग तो उलटा वाजवा, चढवा, उतरवा, कापा. तिसरा सिक्वेन्सर, हा स्वतः कसलाच आवाज करत नाही, कुठल्या क्षणी काय वाजायचं एवढंच लक्षात ठेवतो, पण माझ्या मते खरा मालक हाच. आणि हे सगळं लॅपटॉपशिवाय, हा मुद्दा माझ्यासाठी मोठा होता कारण दिवसभर मशीनच्या स्क्रीनकडं बघून आल्यावर रात्री परत माऊस धरायची इच्छाच होत नाही.

नाव रोलँड कंपनीचं, १९९६ साली त्यांनी एमसी-३०३ काढला तेव्हा त्याला ग्रूव्हबॉक्स म्हटलं. त्यात सॅम्पलिंग नव्हतं, आवाज आत भरलेले, त्यातले बरेच त्यांच्याच जुन्या मशीनचे, म्हणजे १९८० चा टीआर-८०८ ड्रम मशीन आणि १९८१ चा टीबी-३०३ बास. गंमत म्हणजे ही दोन्ही मशीन निघाली तेव्हा फार चालली नाहीत, ८०८ तर १९८३ लाच बंद केला, मग सेकंडहँडमध्ये स्वस्तात मिळायला लागली म्हणून अमेरिकेतल्या बिनपैशाच्या पोरांनी उचलली आणि हिपहॉप, हाऊस, अॅसिड हे सगळं संगीत त्या टाकलेल्या डब्यांतनं पुढं आलं. दुसरी वाट अकाईच्या एमपीसी-६० ची, १९८८, ड्रम मशीन बनवणाऱ्या रॉजर लिनचं डिझाइन, सोळा रबरी पॅड, सॅम्पलर आणि सिक्वेन्सर एकत्र. आजच्या बॉक्समध्ये दोन्हीकडचं थोडं थोडं असतंय.

माझा बॉक्स कुठल्या कंपनीचा ते मुद्दाम सांगत नाही, एकदा नाव घेतलं की सगळी चर्चा हा भारी का तो भारी यावरच जाते. आठ ट्रॅक, सोळा पॅड, एका पॅटर्नला चौसष्ट स्टेपपर्यंत (स्टेप म्हणजे एक खाना), एसडी कार्ड, बाहेरचा आवाज घ्यायला लाइन इन, एवढं कळलं तरी पुढचं समजेल. कोल्हापुरात असला डबा दुकानात हात लावून बघायला मिळत नाही, नवीन मागवायचा तर ड्युटी धरून किंमत आवाक्याबाहेर, म्हणून पुण्यातल्या एका पोराकडनं सेकंडहँड घेतला. कुरिअरनं नको म्हटलं, स्वतः स्वारगेटला उतरून त्याच्या घरी गेलो आणि जाताना हेडफोन, एसडी कार्ड आणि एक केबल घेऊन गेलो.

सेकंडहँड घेणाऱ्यांनी हे नीट वाचा. प्रत्येक पॅड हळू आणि जोरात दोन्ही मारून बघायचा, जुन्या पॅडमध्ये काही पॅड फक्त जोरात मारल्यावरच उठतात. गोल फिरणारे नॉब एकेक खान्यानं फिरवून स्क्रीनवर आकडा बघायचा, झिजलेला नॉब पुढं जाता जाता एकदम मागं उडी मारतो. फेडर वरखाली करताना खरखर येते का ऐकायचं. लाइन इनला मोबाइल लावून खरंच सॅम्पल घेऊन बघायचं, कार्डावर सेव्ह करून मशीन बंद करून परत चालू करून ते उघडतंय का बघायचं. अॅडॉप्टर तर सगळ्यात आधी. व्होल्ट जुळले की झालं असं नसतंय, म्युझिकच्या बऱ्याच मशीनला पिनच्या आतल्या बाजूला निगेटिव्ह असतंय आणि बाजारातले साधे अॅडॉप्टर बहुतेक आत पॉझिटिव्हवाले, मशीनच्या मागं त्याचं छोटं चित्र छापलेलं असतंय, ते आणि अॅडॉप्टरवरचं चित्र सारखं पाहिजे. तो पोरगा शांत होता, मी तासभर टकटक करत बसलो तरी चहा देत राहिला. शेवटी त्यालाच विचारलं की का विकतोयस, तर म्हणाला, आठ आठ सेकंदाचे शंभर तुकडे झाले पण एक गाणं पुरं झालं नाही. हे वाक्य मला नंतर बरेच वेळा आठवलं.

कारण पहिल्यांदा तसंच होतंय. पॅटर्न बनवायला इतकं सोपं असतंय की आपण तिथंच रमतो. एक, पाच, नऊ, तेरा या खान्यांवर किक, पाच आणि तेरावर क्लॅप, तीन, सात, अकरा, पंधरावर हायहॅट, टेम्पो १२४ म्हणजे मिनिटाला तेवढे बीट, प्ले दाबा, झालं हाऊस. मग फिल्टरचा नॉब फिरवायचा, नॉब कसा फिरवला तेसुद्धा मशीन लक्षात ठेवतंय आणि पुढच्या फेरीला तसाच फिरवून दाखवतंय, रात्रीचे दोन कधी वाजले कळत नाही. ऐकायला चांगलंच लागतंय, पण ते कुणाचंही असू शकतंय. बर्लिनमधल्या पोरानं केलं काय आणि मंगळवार पेठेतल्या माझ्या माडीवर केलं काय, आतले आवाज तेच, खाने तेच. मी आधी बँजो पार्टीत ऑक्टोपॅड वाजवलाय, गणपतीत मिरवणुकीत आठ आठ तास उभं राहून, आणि तिथं चुकतमाकत का असेना पण आपलं काहीतरी वाजतंय हे हाताला कळत असतंय. इथं हात रिकामा रिकामा वाटायला लागला.

मग ठरवलं की आतले ड्रम काढून टाकायचे आणि हलगी घालायची. यात फार विचार करायला लागला नाही. कुस्तीचं मैदान असू दे, वरात असू दे, आमच्याकडं पहिला आवाज हलगीचाच, हलगी, खालचा घुमणारा आवाज देणारं घुमकं आणि झांजेसारखं कैताळ, तीन वाद्यांत सगळं रान उठवतात. खासबागेच्या कुस्ती मैदानात जोड लागली आणि हलगी चढली की वरच्या पायरीवर बसलेल्या म्हाताऱ्याचापण पाय हलतोय. विकतच्या सॅम्पल पॅकमध्ये शोधून बघितलं होतं, तिथं सगळं भारतीय म्हणून एका फोल्डरमध्ये तबला, ढोलक, झांजा आणि कसल्यातरी हॉलमध्ये वाजवलेला ढोल, हलगी म्हणून जे होतं ते डफ होतं. म्हणजे आपली आपल्यालाच रेकॉर्ड करायला लागणार.

ओळखीचे एक हलगीवाले मामा आहेत, माझ्या थोरल्या भावाच्या लग्नात वाजवायला आलेले तेव्हापासूनची ओळख. त्यांच्याकडं डबा घेऊनच गेलो. त्यांनी आधी उलटा सुलटा करून बघितला, दोन पॅड दाबले, किक वाजली.

"हे यंतर हलगी वाजवतंय व्हय?"

"नाही मामा, तुम्ही वाजवायची, हे फक्त लक्षात ठेवणार."

"आणि मग मला कशाला बोलवशील परत?"

हा प्रश्न चेष्टेत होता पण पूर्ण चेष्टेत नव्हता, डॉल्बी आल्यापासून हलगीवाल्यांच्या सुपाऱ्या कशा कमी झाल्या ते त्यांनी बघितलंय. म्हणून पैशाचं आणि बाकीचं तिथंच बोलून घेतलं. एका वरातीला जेवढी सुपारी घेतात तेवढी रेकॉर्डिंगची द्यायची, आवाज मी दुसऱ्या कुणाला विकायचा नाही, आणि कुठं कार्यक्रम झाला तर मामांना बरोबर घ्यायचं. कागद काय केला नाही पण दोघांच्या घरच्यांसमोर बोलणं झालं. माझं स्पष्ट मत आहे, लोककलावंताचा आवाज मोबाइलवर उचलून पॅडवर लावणं आणि खाली आपलं नाव टाकणं ही सरळ चोरी आहे, मग ती कितीही कौतुकानं केलेली असो.

रेकॉर्डिंगची जागा शोधण्यात बराच वेळ गेला. तालमीतला हॉल मिळत होता पण तिथं आवाज भिंतींवर आपटून घुमतोय, आणि सॅम्पलमध्ये एकदा घुमारा शिरला की तो काढता येत नाही, नंतर इफेक्टनं घालता मात्र येतो. म्हणून मोकळं रान बरं. ऊस तुटून गेलेलं एक शेत नदीच्या बाजूला मिळालं, सकाळी लवकर, वारा सुटायच्या आत. पावसाळ्यात हे जमलंच नसतं, आपल्याकडचा पाऊस तर माहितीच आहे, आणि ओल्या हवेत कातडं सैल पडतंय. मामांनी पाचट पेटवून हलगी शेकली, बोटानं टिचकी मारून बघत बघत परत शेकली, तापली की आवाज असा कडक उठतोय की जवळ उभं राहिलं तर डोळे मिटतात. पण तो कडकपणा टिकत नाही, थोडं वाजवलं की कातडं गार होऊन सूर उतरायला लागतोय. त्यामुळं शेकायचं, वाजवायचं, थांबायचं, परत शेकायचं, असं चाललं. प्रत्येक तुकडा तापलेल्या हलगीचाच घेतला, नाहीतर दोन सॅम्पलमध्ये सूर वेगळा आला असता.

रेकॉर्डर एका मित्राचा आणलेला. हलगीचा ठोका म्हणजे एकदम टोक, सुरुवातीच्या दोन चार मिलिसेकंदात सगळा जोर, मीटर बघेपर्यंत क्लिप होऊन जातंय, म्हणजे आवाज फाटतोय. शिवाय टेस्टला कुठलाही वादक हळूच वाजवतोय आणि रंगात आला की दुप्पट. म्हणून टेस्टला मीटर उणे १८ डेसिबलच्या आसपास राहील एवढाच गेन ठेवला, म्हणजे जोर आला तरी वर जागा. माइक समोर न धरता थोडा बाजूला, पाच सहा फुटांवर, जवळ धरला तर नुसती काडीची टकटक येते आणि कडं दणाणतंय ते येतच नाही.

खरी अडचण पुढं आली. सॅम्पलरला सुट्टे ठोके लागतात. जाड काठीचा मधला ठोका, कडेचा ठोका, बारीक काडीचा, दोन्ही मिळून, हळू, जोरात, असं एकेक. मामांना म्हटलं एकेक ठोका द्या, मध्ये थांबा.

"सुट्टा ठोका? सुट्टा ठोका कोण वाजवतंय रं?"

दिले त्यांनी, पण हेडफोनमध्ये ऐकलं तर ते ठोके मेलेले. जोर बरोबर, जागा बरोबर, तरी नाही. नंतर लक्षात आलं की वाजवताना हात आधीच्या ठोक्यावरनं उसळून पुढच्या ठोक्याला येत असतोय, थांबून मारला की ती उसळीच नसते. मग उलटं केलं. त्यांना म्हटलं तुमची नेहमीची चाल वाजवा, फक्त एकदम संथ, जितकी संथ वाजवता येईल तितकी, आणि त्या चालत्या वाजवण्यातनंच मी घरी ठोके कापून काढले. संथ असल्यामुळं एकाची शेपटी दुसऱ्यावर फारशी चढत नाही. ज्यांना कुठलंही हातानं वाजवायचं वाद्य सॅम्पल करायचंय त्यांना माझा एवढाच सल्ला, सुट्टं मागू नका, चालतं मागा आणि कापा.

कापणं हे शुद्ध हमालीचं काम. ठोक्याच्या आधीची शांतता जरा जरी राहिली तरी पॅड मारल्यावर आवाज उशिरा येतोय आणि आपल्याला वाटतंय आपला हात चुकला. वीस मिलिसेकंद म्हणजे काहीच नाही असं वाटतंय, पण हलगीत ते कळतंय. फार आत कापलं तर ठोक्याचं टोकच जातंय आणि खट् असा वेगळा आवाज येतोय. सगळं मोनो केलं, एकाच वाद्याला स्टिरिओची गरज नाही आणि जागा निम्मी लागते, ४४.१ किलोहर्ट्झ १६ बिट मोनो म्हणजे मिनिटाला साधारण ५ एमबी. एकेका ठोक्याचे चार चार नमुने ठेवले, कारण तोच ठोका हुबेहूब तसाच चार वेळा लागोपाठ वाजला की कानाला लगेच कळतंय की मशीन आहे, माणूस एकसारखा दोनदा मारूच शकत नाही. फाइलची नावं छोटी आणि इंग्रजी अक्षरांत, मशीनला देवनागरी वाचता येत नाही. आणि प्रत्येक टप्प्याला सेव्ह, या डब्यात आपोआप काही सेव्ह होत नाही, आमच्याकडं लाइट कधी जाईल याचा भरवसा नाही, त्यामुळं प्ले दाबायच्या आधी सेव्ह दाबायची बोटाला सवयच लावून घेतली.

आता खाने. मामांची चाल मी कानानं ओळखतो, सोळा खान्यांत मांडली, प्ले दाबलं. ठोके सगळे जाग्यावर आणि हलगी गायब. आवाज त्याच हलगीचा, त्याच हाताचा, पण ऐकताना मान हलत नाही.

इथनं पुढचं मला सगळ्यात जास्त आवडलेलं काम. मामांचं मूळ रेकॉर्डिंग लॅपटॉपवर उघडलं (हो, माऊस धरला एकदाचा) आणि दोन ठोक्यांतलं अंतर मोजायला बसलो, शॉपमध्ये मायक्रोमीटर लावतो तसल्याच हौसेनं. एका बीटचे चार खाने, त्यामुळं १२० टेम्पोला एक खाना १२५ मिलिसेकंदाचा येतोय, म्हणजे मशीनच्या हिशोबानं ठोका दर १२५ ला पडला पाहिजे. मामांचे तसे पडतच नाहीत. एक अंतर लांब, पुढचं आखूड, परत लांब, परत आखूड. हे मशीनवाल्यांनापण माहीत आहे, त्याला स्विंग म्हणतात, रॉजर लिननं त्याच्या ड्रम मशीनमध्येच ही सोय घातलेली, ५० टक्के म्हणजे दोन्ही अंतरं सारखी, ६६ च्या आसपास गेलं की तीनच्या चालीत शिरलं. मामांची हलगी या दोघांच्या मध्ये कुठंतरी, ५८ च्या आसपास. म्हणजे दर दुसरा ठोका वीस मिलिसेकंद मागं. माझ्या मशीनमध्ये एका बीटचे ९६ भाग पडतात, १२० टेम्पोला एक भाग साधारण पाच मिलिसेकंदाचा, तर चार भाग मागं सरकवायचं. पण लय चढत गेली की हा आकडा खाली येतोय, जलद वाजवताना ठोके जवळजवळ सारख्या अंतरावर यायला लागतात. म्हणजे एक स्विंगचा आकडा लावून गाणंभर ठेवला तर अर्ध्या गाण्यात तो खोटा पडणार.

आणि स्विंगनं दुसरी गोष्ट सुटत नाही. स्विंग दोन, चार, सहा अशा सगळ्या खान्यांना एकाच मापानं मागं ढकलतोय. मामांची जाड काठी बऱ्यापैकी ठिकाणावर पडते, बारीक काडी मात्र मन मानेल तशी, कधी पुढं घुसते, कधी रेंगाळते, आणि समेच्या जरा आधी येऊन ढकलते. सगळी मजा त्या ढकलण्यातच आहे. आधी मी एकेक खाना हातानं पुढं मागं सरकवत बसलो, जमलं पण जीव गेला. शेवटी जाड काठीचा ट्रॅक खान्यांवर ठेवला, ५६ ते ५८ स्विंग देऊन, आणि बारीक काडीचा ट्रॅक क्वांटाइज (ठोका आपोआप खान्यावर ओढणारी सोय) बंद करून पॅडवर बोटानं वाजवून घेतला, मामांचं रेकॉर्डिंग कानात लावून त्यांच्या मागोमाग. तिथं ऑक्टोपॅडवरची वर्षं कामाला आली. पॅटर्न फिरायला लागला तेव्हा शेजारच्या माडीवरचं पोरगं खिडकीत येऊन बघायला लागलं की वरात कुठनं आली, तेव्हा म्हटलं आता बरोबर आहे.

सहाच्या चालीसाठी वेगळा उद्योग. पॅटर्नची लांबी बारा स्टेप करायची, बास. पण बाकीचे ट्रॅक सोळाचे राहिले तर बारा आणि सोळा अठ्ठेचाळीस स्टेपनंतर परत एकत्र भेटतात, तोपर्यंत दर फेरीला वेगळाच मेळ. काही वेळा हे झकास लागतंय, काही वेळा नुसता गोंधळ. मी बाससुद्धा बारावर आणला आणि फक्त एक बारीक सिंथचा आवाज सोळावर फिरत ठेवला, तेवढं पुरे. सात मात्रांच्या रूपकसाठी चौदा स्टेप ठेवून बघितलंय, ते अजून हाताला बसलेलं नाही.

बाकी आवाज गोळा करणं म्हणजे नुसती चैन. रसवंतीच्या चरकाला बांधलेले घुंगरू हायहॅटच्या जागी घातले, उन्हाळ्यात रस प्यायला गेलो की मोबाइल काउंटरवर ठेवून द्यायचा. गुजरीत सोनाराच्या हातोडीची टकटक मिळाली, ती एवढी बारीक आणि कोरडी आहे की विकतच्या रिमशॉटनी, म्हणजे ड्रमच्या कडेच्या ठोक्यांनी, लाजावं. करकर वाजणाऱ्या चपलेची करकर खूप हौसेनं घेतली पण पॅटर्नमध्ये ती दार उघडल्यासारखी ऐकू यायला लागली म्हणून काढून टाकली, रस्त्यावर जी ऐट आहे ती स्पीकरमध्ये येत नाही.

सिंथ मी मुद्दाम कमी वापरलाय. एक जाड बास, एक सूर धरून ठेवणारा लांब आवाज, संपलं. तिथं घुमक्याशी भांडण झालं. हेडफोनवर घुमकं आणि बास दोन्ही स्वच्छ, पण एका मित्राची डॉल्बी सिस्टीम आहे, त्याच्या गोडाऊनमध्ये दुपारी लावून बघितलं तर सबवुफरवर दोन्ही मिळून नुसता हूं हूं, ठोका कुठला आणि बास कुठला पत्ता नाही. त्याचा ऑपरेटर गप बसून ऐकत होता, म्हणाला, खालची जागा एकालाच द्या. बासचा ८० हर्ट्झच्या खालचा भाग फिल्टरनं कापला, तळ घुमक्याला दिला, आणि लगेच दोघं वेगळे ऐकू यायला लागले. त्याच माणसानं दुसरं सांगितलं की अशा बऱ्याच सिस्टीम मोनोवर चालतात, डावीकडनं उजवीकडं फिरणारे इफेक्ट तिथं निम्मे गायब होतात, तेव्हा घरी मिक्स करतानाच एकदा मोनो करून ऐका. ही माणसं कुठल्या कोर्सला गेलेली नसतात पण त्यांच्याकडनं शिकण्यासारखं भरपूर आहे. लॅपटॉपच्या यूएसबीवर मशीन चालवलं तर मोठ्या स्पीकरमध्ये घूं असा आवाज येत होता, तो स्वतःचा अॅडॉप्टर आणि मध्ये डीआय बॉक्स (असली घरघर अडवणारी मधली डबी) लावल्यावर गेला.

कार्यक्रम म्हणावा असा एकच झाला, ओळखीच्या मंडळाच्या हॉलमध्ये, रात्री दहाच्या आत आटपायचं या अटीवर. ठरल्याप्रमाणं मामा बरोबर, खरी हलगी घेऊन. सरावाला बसलो तेव्हाच कळलं की मोठी भानगड आहे. मशीनचा टेम्पो म्हणजे एक आकडा, ११२ म्हटलं की ११२. मामा ११२ वर चालू करतात आणि माणसं टाळ्या वाजवायला लागली की चढतात, ते चढणारच, चढली नाही तर ती हलगी कसली. मशीन मागं राहतंय. मी म्हटलं मामा, जरा याच्याबरोबर राहा. राहिले ते, आणि इतकं कोमट वाजलं की दोघांनाही नको झालं. तेव्हापासून ठरलं की मामांनी मशीनकडं बघायचंच नाही, मशीननं त्यांच्या मागं जायचं. माझा डावा हात सगळा वेळ टेम्पोच्या नॉबवर, उजवा पॅडवर, कान त्यांच्या जाड काठीवर.

नुसतं नॉबवर भागत नाही म्हणून पॅटर्नची शिडी केली. तोच पॅटर्न कॉपी करून पुढच्या जागेवर, टेम्पो दोननं जास्त, स्विंग जरासा कमी, परत कॉपी, परत दोननं जास्त, १०४ पासनं १३२ पर्यंत. दोन बीपीएमची उडी कुणाच्या लक्षात येत नाही, पाचची येते. मामा चढले की मी एक पायरी वर, ते रेंगाळले की आहे तिथंच थांबायचं. हॉलमध्ये हे बऱ्यापैकी जमलं. एका ठिकाणी मामांनी अचानक सगळं थांबवलं, हात वर, आणि मशीन एकटंच वाजत राहिलं, पण पोरांना वाटलं की तसंच ठरलंय, शिट्ट्या आल्या. नंतर मामांना विचारलं का थांबला तर म्हणाले, बघितलं त्याला एकट्याला किती जमतंय. आणि बास जरा कमी कर म्हणाले, घुमकं ऐकू येईना.

कैताळ अजून राहिलंय. ते वाजलं की झणकारत राहतंय, एका ठोक्याची शेपटी पुढच्या चार खान्यांवर पसरते, हलगीसारखं कापून चालणार नाही, बहुतेक अख्खा आवर्तनाचा तुकडाच उचलायला लागेल. ऊस तुटून रान मोकळं झालं की परत तिथंच जायचं ठरलंय. फक्त या वेळी मामांनी बजावलंय की यंतरपण घेऊन ये, बॅटरीवर चालत असंल तर, रानातच बघू कोण कुणाला ओढतंय. बॅटरीवर ते चालत नाही, त्यामुळं सध्या पॉवर बँकेची शोधाशोध चालू आहे.